टाकीखाली बसलेला निवांत

पुरवणी जबाब. दिनांक १८, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव व पत्ता दिनांक १५ च्या माझ्या पहिल्या जबाबात लिहिला आहे तोच. वय ४३ वर्षे. धंदा चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, सोबत पत्नी. शिक्षण बारावी. गेममध्ये मला काचवाला म्हणतात आणि या प्रकरणातली बरीच माणसे मला त्याच नावाने ओळखतात.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, आज मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. १५ तारखेच्या जबाबातला मुख्य भाग चुकीचा आहे. मी खोटे बोललो नव्हतो, पण मी सांगितले ते खरे नव्हते. त्या जबाबामुळे मयताच्या शेजारी राहणारे बेकरीच्या गाडीचे ड्रायव्हर दोन दिवस येथे चौकशीला बसून आहेत. त्यांचा यात काडीचा संबंध नाही. हे सर्वांत आधी लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, म्हणून ते आधी आले आहे.

मयत हे लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री होते. वय ६४, काम सोडून सहा वर्षे झाली होती. लग्न केले नव्हते. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकटे राहत. गेममध्ये त्यांनी 'निवांत' हे नाव घेतले होते. मी त्यांना निवांतराव म्हणत असे. आमची ओळख नऊ वर्षांची. त्यातली पहिली तीन वर्षे मी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता. मग एक दिवस दुकानात चष्म्याची दांडी बसवायला एक गृहस्थ आले, पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास बसले, आणि जाताना म्हणाले, "काचवाले, तुम्ही बंदूक चालवता त्यापेक्षा स्क्रू बरा फिरवता." तेव्हा मला कळले की हे कोण.

साहेबांनी विचारले की सर्व्हर म्हणजे काय. त्याचा खुलासा असा. हा गोळीबाराचा गेम आहे. एका बंद पडलेल्या कारखान्यात आठ विरुद्ध आठ अशा दोन टोळ्या लढतात. प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला असतो. सगळ्यांना एका ठिकाणी आणणारा जो कॉम्प्युटर, तो सर्व्हर. कंपनीचे स्वतःचे सर्व्हर आहेत, त्यांना अधिकृत म्हणतात. तिथे हजारो लोक येतात, कोण कोणाच्या नावाने बसलाय याचा पत्ता नसतो, शिव्यांची लाखोली चालू असते. ज्याला हे नको त्याला कंपनीच्या परवानगीने स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. माझा सर्व्हर दुकानाच्या आतल्या भागात, काचा घासायच्या मशीनच्या वरच्या फळीवर आहे. संध्याकाळी सहाला मी तो सुरू करतो आणि साडेआठला बंद करतो.

तो मी निवांतरावांसाठीच सुरू केला म्हटले तरी चालेल. कंपनीच्या सर्व्हरवर नियम असा की एक मिनिट हालचाल झाली नाही तर माणसाला बाहेर काढतात. निवांतराव मध्येच गॅसवरचे दूध बघायला उठायचे आणि परत येईपर्यंत बाहेर. एका संध्याकाळी चौथ्यांदा बाहेर काढल्यावर त्यांनी मला लिहिले की आता हा नाद सोडतो, यांना म्हातारा माणूस चालत नाही. पुढच्याच महिन्यात मी सर्व्हर उभा केला आणि तो नियम सर्वांत आधी काढून टाकला. आमच्याकडे कोणी दूध बघून आला, अंघोळ करून आला, तरी त्याची जागा त्याचीच. याला आम्ही जागा धरणे म्हणतो. निवांतराव मेले की (गेममध्ये) प्रत्येक वेळी एकच ओळ लिहायचे, "आलोच, जागा धरा."

आमचे रोजचे लोक आठ-नऊ. जागा सोळा. रिकामा सर्व्हर यादीत दिसला की नवीन माणूस फिरकत नाही, म्हणून उरलेल्या जागी बॉट बसवावे लागतात. बॉट म्हणजे माणूस नसलेला खेळाडू, त्याला प्रोग्राम चालवतो. कंपनीच्या सर्व्हरवर बॉटच्या नावापुढे खूण असते, त्यामुळे कोणी फसत नाही. मी ती खूण काढून टाकली. शिवाय प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्या इंटरनेटचा वेग दाखवणारा एक आकडा असतो. बॉटसमोर शून्य येते. तिथे मी साठ ते नव्वदमधला बदलता आकडा येईल अशी व्यवस्था केली. हे मला कोणी करायला सांगितले नव्हते. मैफल भरलेली दिसावी, एवढाच हेतू होता.

पाच महिन्यांपूर्वी निवांतरावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. काही दिवस स्क्रीनपुढे बसता येणार नव्हते. त्यांची जागा कोणा आगंतुकाकडे जाऊ नये म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या नावाचा बॉट तयार केला. ते दोन दुपारी माझ्या दुकानात स्टुलावर बसून होते. कुठे बसतो, किती वेळ थांबतो, कधी पळतो, सगळे त्यांनी सांगितले आणि मी भरले. त्या काळी त्यांना लांबचे दिसत नव्हते, म्हणून ते कारखान्यातल्या पाण्याच्या टाकीखाली बसायचे, जिथे शत्रूला जवळ येण्यावाचून इलाज नसतो. बॉटही टाकीखाली बसवला. मेल्यावर लिहायची ओळही घातली. तो खेळताना बघून ते पोट धरून हसले. म्हणाले, "हा तर माझ्यापेक्षा बरा. मी नसलो की याला बसवत जा. माझी जागा रिकामी दिसायला नको."

ऑपरेशन नीट झाले. दीड महिन्याने नवा नंबर आला, त्या काचा मी स्वतः घासल्या. तो चष्मा घालून ते पहिल्यांदा खेळायला बसले त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना लिहिले, "अरे, या भिंतीला विटा आहेत हे मला आजवर माहीत नव्हतं." त्या दिवसापासून ते टाकीखाली बसले नाहीत. वरच्या सज्जात उभे राहून लांबून नेम धरायचे. चार वर्षे टाकीखाली काढलेला माणूस आता खाली उतरायला तयार नव्हता. हे मला माहीत होते. माझ्या काचेमुळेच तर ते वर गेले होते.

बॉटची फाइल काढायची राहून गेली. ते गेममध्ये नसले किंवा बाहेर पडले की चार-पाच सेकंदांत बॉट त्यांच्या नावाने बसणार, आणि ते आले की उठणार, अशी सोय तशीच राहिली. ती कधी नजरेस आली नाही, कारण निवांतराव सहाच्या ठोक्याला यायचे आणि मी सर्व्हर बंद करेपर्यंत हलायचे नाहीत. बॉटला बसायची वेळच यायची नाही.

दिनांक ७, शनिवार. त्या संध्याकाळी निवांतरावांच्या कीबोर्डचे एक बटण अडकत होते. ७ वाजून ५२ मिनिटांनी त्यांनी लिहिले, "माळ्यावरचा जुना कीबोर्ड काढतो. कॉम्प्युटर बंद करतोय. आलोच, जागा धरा." कीबोर्ड बदलायला कॉम्प्युटर बंद करावा लागत नाही, पण लिफ्टच्या माणसाची ती सवय होती. वीज बंद केल्याशिवाय ते कशालाच हात लावायचे नाहीत. मी तेव्हा पत्नीशी बोलत होतो. परत बघितले तर निवांत यादीत होता. मला वाटले, आले. आठ वाजेपर्यंत, साडेआठपर्यंत तो तिथेच होता.

दिनांक ८, रविवार, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मयताच्या धाकट्या बहिणीचा मला फोन आला. त्या दुसऱ्या गावी राहतात, शिवणकाम करतात. 'काही लागलं तर या माणसाला विचार' म्हणून माझा नंबर निवांतरावांनीच त्यांना दिला होता. दादांनी आता एकटे राहू नये, आपल्याकडे यावे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यावरून शुक्रवारी दोघांची खडाजंगी झाली होती. आमचे बोलणे आठवते तसे सांगतो.

त्या म्हणाल्या, "दादा सकाळपासून फोन उचलत नाही. तुमच्या त्या खेळात आहे का तो?"

मी म्हणालो, "आहेत की ताई. हे काय, टाकीखाली बसलेत. आत्ताच मला उडवलं."

त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर रुसलाय. फोन घे म्हणावं एकदा."

मी त्यांना फोनवर थांबवून गेममध्ये लिहिले, "निवांतराव, ताईंचा फोन घ्या." तेवढ्यात कोणाची तरी गोळी लागून निवांत पडला आणि त्याची ओळ आली. मी ताईंना सांगितले, "आलोच म्हणतायत." त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक आहे," म्हणाल्या. फोन ठेवला.

मी म्हणालो होतो की टाकीखाली बसलेत. माझ्या तोंडातून ते शब्द बाहेर पडले आणि मला काही वाटले नाही.

दिनांक ९ ते १३, रोज संध्याकाळी मी निवांतला पाहिले. रोज मी "या निवांतराव" लिहिले. बुधवारी मी लिहिले की, "तोंडाला कुलूप लावलंय का?" त्यावर थोड्या वेळाने "आलोच, जागा धरा" आले आणि आम्ही सगळे हसलो. गुरुवारी ताईंचा मेसेज आला, "अजून राग गेला नाही का?" मी उत्तर पाठवले, "निवांत आहेत, काळजी नको." रविवार धरून या सहा दिवसांत मी त्यांना एकदाही फोन केला नाही. त्यांचे घर माझ्या दुकानापासून चालत बारा मिनिटांवर आहे. रोज समोर दिसणाऱ्या माणसाची चौकशी कोण करतो, असा माझा समज होता.

दिनांक १४, शनिवारी दुपारी ताई स्वतः आल्या. दार उघडेना, म्हणून त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरना हाक मारली. जास्तीची किल्ली त्यांच्याकडे असायची. आत काय दिसले ते पंचनाम्यात आहे. स्टूल आडवे पडले होते, मांडीचे हाड मोडले होते, मोबाइल टेबलावर होता, कॉम्प्युटर बंद होता. जुना कीबोर्ड त्यांच्या हाताजवळ होता, एवढे मला ताईंनी सांगितले.

दिनांक १५ ला मी जबाब दिला की १३ च्या साडेआठपर्यंत निवांतराव खेळत होते. दिनांक १६ ला मला पुन्हा बोलावले. डॉक्टरांचे मत असे आले होते की मयत सोमवारच्या संध्याकाळपर्यंत तरी जिवंत असावेत आणि मंगळवारनंतर नसावेत. साहेबांनी विचारले, मग बुधवार ते शुक्रवार त्यांच्या नावाने कोण खेळत होते. तेव्हा मीच म्हणालो की खोलीत शिरून त्यांच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी बसले असले पाहिजे. किल्ली कोणाकडे होती हे सर्वांना माहीत होते. मी कोणाचे नाव घेतले नाही. पण मी बोललो आणि ड्रायव्हरना उचलले, हे खरे आहे. डॉक्टरांचे चुकले असेल असेही मी म्हणालो. मी निवांतरावांना डोळ्यांनी पाहिले आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले.

दिनांक १७, काल दुपारी तीनच्या सुमारास आमच्यातला कंपाउंडर दुकानात आला. तो एका दवाखान्यात कामाला आहे आणि आमच्याबरोबर रोज खेळतो. त्याच्या चष्म्याची नाकावरची गादी निसटली होती. ती बसवून घेता घेता तो म्हणाला, "एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सज्जा सोडून म्हातारबा त्या आठवड्यात टाकीखाली का बसत होते?"

मशीन चालू होते. डाव्या डोळ्याची एक काच त्यात होती. मी ती काढायला विसरलो आणि काच गरजेपेक्षा जास्त घासली जाऊन वाया गेली. कंपाउंडर म्हणाला, "काय झालं?" मी त्याला जायला सांगितले. तो गेला नाही, बाकावर बसून राहिला. मग आम्ही दोघांनी सर्व्हरची नोंद उघडली.

या नोंदीत खरा माणूस बाहेरून जोडला गेला की वेळ पडते. बॉटची पडत नाही. इतर कशातही मी लुडबुड केली असली तरी या नोंदीला हात लावलेला नाही. त्यात निवांतरावांची शेवटची वेळ ७ तारखेची ७ वाजून ५२ मिनिटे आहे, बाहेर पडल्याची. त्यानंतर एकदाही ते आत आलेले नाहीत. नोंदीची चार पाने सोबत जोडली आहेत. यावरून मला असे वाटते की ते शनिवारी आठच्या सुमारास पडले. ताईंचा फोन आला तेव्हा पडून तेवीस तासही झाले नव्हते. डॉक्टरांचे मत धरले तर ते तेव्हा जिवंत होते. टेबलावर फोन वाजत होता तो ते ऐकत असतील.

कंपाउंडर गेल्यावर मी सर्व्हर सुरू केला. पंधरा जागी बॉट आणि एक मी. पुढचे लिहिण्याची गरज नाही असे लिहून घेणारे हवालदार म्हणाले, पण माझ्या आग्रहावरून घेतले आहे. मी माझा खेळाडू चालवत टाकीखाली नेला. निवांत तिथे होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने मला मारले. मी पुन्हा गेलो. त्याने पुन्हा मारले. असे सात वेळा झाले, कारण माझ्याच्याने बंदूक उचलवत नव्हती. आठव्या वेळी मी त्याला मारले. त्याची ओळ आली. मी तेव्हा उठून मागच्या खोलीत गेलो आणि पत्नीला बोलावले, तिने सर्व्हरचा प्लग काढला. ती फाइल मी पुसलेली नाही. पुरावा म्हणून लागेल असे वाटले. सर्व्हरचा कॉम्प्युटर मी सोबत आणला आहे, तो जमा करून घ्यावा. परत मिळाला नाही तरी माझी तक्रार नाही.

साहेबांनी विचारले की, मयत कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवर खेळत असते तर हे टळले असते काय. मी सांगतो की, तिथे ते यादीतून गेले असते आणि त्यांची जागा दुसऱ्याला मिळाली असती. कोणाच्या लक्षातही आले नसते. पण तिथे त्यांना ओळखणारा कोणी नव्हता, म्हणून ताईंनी मला फोन केला नसता. त्यांनी शेजाऱ्यांना केला असता. शेजाऱ्यांकडे किल्ली होती.

काल संध्याकाळी सात वाजता मी ताईंना फोन करून हे सर्व सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, "रविवारी मी निघणारच होते. पिशवी भरून ठेवली होती." आज त्या येथे बाहेर बाकावर बसल्या आहेत. मी त्यांच्या समोरून आत आलो.

बेकरीच्या ड्रायव्हरबद्दल माझा कोणताही संशय नाही आणि नव्हता. मी ते सांगायला हवे होते.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त एक दुरुस्ती मी सांगितली ती अशी. दिनांक ८ च्या फोनमध्ये "मग ठीक आहे" म्हणून ताईंनी फोन ठेवला, असे वर आले आहे. ते बरोबर नाही. दोन्ही जबाबांत मी तेवढा भाग गाळला होता. "मग ठीक आहे" म्हटल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी विचारले, "नक्की तोच आहे ना? त्याच्या नावानं दुसरं कोणी बसलेलं नाही ना?" त्यावर मी हसलो. मी म्हणालो, "ताई, ते कंपनीच्या सर्व्हरवर होतं. आमच्याकडे सगळी घरचीच माणसं." त्यानंतर त्यांनी फोन ठेवला. ही दुरुस्ती धरून जबाब बरोबर आहे.